तापीच्या घाटावर भाजलेल्या मातीची मूर्ती टिकेल का? (लंडनजवळ पाहिलेल्या नदीदेवावरून)

पांझराकाठ

राम राम मंडळी. प्रश्न मूर्तीचा आहे, पण थोडं मागून सांगावं लागेल.

मी शिंदखेडा तालुक्यातला. हायस्कुलात ३१ वर्षं चित्रकला शिकवली, आता निवृत्त. गाव तापीकाठी, मुडावदच्या संगमाजवळ. इथे पांझरा तापीला मिळते, कपिलेश्वराचं जुनं देऊळ आहे.

तीन वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून घाटावर तापीमाईची मूर्ती बसवली. सिमेंटची, साडेपाच फुटी, वरून ऑइलपेंट. ज्यांना काम दिलं त्यांनी मोबाइलवर पन्नासेक मूर्ती दाखवल्या, गावानं त्यातली एक पसंत केली. मूर्ती मुळात दुसऱ्याच कुठल्या देवीची होती. त्रिशूळ काढून हातात घागर दिली आणि तिला तापी म्हटलं. मला तेव्हाच खटकलं होतं. पण वर्गणी जमली होती, मुहूर्त निघाला होता, मी बोललो नाही. ते अजून सलतं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर कोपराखाली केसाएवढी चीर दिसायला लागली. यंदा पोळ्याच्या दिवशी घागरीसकट हात गळून पडला. तो तुकडा मी घरी आणलाय, लिहितोय तेव्हा समोर टेबलावरच आहे. आत दोन सुताची एकुलती एक सळई, गंजून जवळजवळ दुप्पट फुगलेली. तिच्यावर सिमेंटचा थर माझ्या करंगळीच्या नखाएवढा. चिरेतून पाणी मुरलं, सळई गंजली, गंज फुगला आणि त्यानं थर आतून फोडला. माझ्या चुलतीनं आधी त्या हाताला हळदकुंकू वाहिलं, मगच मला तो उचलू दिला.

आता लंडनचं. मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे गेलो होतो. मूर्तीला चीर पडलेली होतीच, त्यामुळे तिकडे जो पुतळा दिसेल त्याच्या जवळ जाऊन मी सांधे बघत होतो. एक दिवस मुलीनं हॅम हाउस बघायला नेलं. रिचमंडहून ६५ नंबरची बस, पुढे थोडं पायी. १६१० साली बांधलेला लाल विटांचा वाडा, टेम्स नदीच्या अगदी काठावर. समुद्र एवढा लांब, तरी मोठ्या भरतीला नदीचं पाणी गाड्या लावायच्या जागेपर्यंत चढतं. पलीकडच्या काठावर जायला छोटी नाव. सौ. म्हणाली, आपल्या भोयांच्या नावेसारखंच दिसतंय.

वाड्याच्या दर्शनी अंगणात मधोमध चौथऱ्यावर एक दाढीवाला पुरुष रेलून बसलाय. उघडं अंग, पिळदार दंड, जवळ घागर. मुलगी म्हणाली, हा नदीदेव. सौ. बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘ही नदी शे? मंग तिले दाढी काबर?’

मला उत्तर देता आलं नाही. मी त्या दाढीकडेच बघत होतो, पण वेगळ्या कारणानं. एकेक बट सुटी दिसत होती. पायाच्या बोटांवर नखांच्या कडा. जागोजागी दगडफुलाचे करडे-पिवळे डाग, म्हणजे पाणी अंगावर बसतंय, तरी खाली रेघ शाबूत. मी मनात म्हटलं, दगड मोठा चिवट दिसतोय. तिथे माहिती सांगायला असलेल्या एका वयस्कर बाई मुलीला म्हणाल्या, हा दगड नाही, भट्टीत भाजलेली माती आहे. दोनशे वर्षांहून जुनी.

भाजलेली माती! माझं बालपण कुंभारवाड्याला लागून गेलं. रांजण कसा होतो ते मी रोज पाहिलंय. पण अख्खा माणूस, माणसाहून मोठा, उघड्यावर, त्या देशाच्या पावसात आणि बर्फात दोनशे वर्षं? त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता घाटावरची मूर्ती बदलायची आहे. तरुण मंडळींना शहरातून फायबरची पंधरा फुटी आणायची आहे, रात्री दिवे लावून. काही जण म्हणतात काळ्या दगडाची घ्या. माझं म्हणणं, तापीची मूर्ती तापीच्या गाळाची असावी, भट्टीत भाजलेली आणि इथल्याच हातानं केलेली. ग्रामसभेत हे बोललो तेव्हा एकानं विचारलं, ‘सर, कुठं टिकली आहे का अशी?’ मी त्या नदीदेवाचा फोटो दाखवला. तर दुसरा म्हणाला, ‘तो इंग्लंडात आहे, आपल्या मातीचं सांगा.’ बरोबर बोलला तो.

म्हणून विचारतोय. ती माती नेमकी काय होती? आपल्या गाळाची तशी होईल का? आणि मूर्ती कुणाची, कशी असावी? सौ.च्या प्रश्नाचंही उत्तर कुणाकडे असेल तर द्या. ती अजून विचारते.

चाळीसगाव ते टेम्स

सर, नमस्कार. मी मूळचा चाळीसगावचा, गेली बारा वर्षं हॅमच्या पलीकडच्या काठावर राहतो. मुलांना घेऊन त्या अंगणात कितीतरी वेळा गेलोय. तुमचं वाचून काल संध्याकाळी परत जाऊन आलो.

त्या मातीला ‘कोड स्टोन’ म्हणतात. कोड हे बाईंचं आडनाव, एलिनॉर कोड. त्यांनी १७६९ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात नदीकाठचा एक डबघाईला आलेला कृत्रिम दगडाचा कारखाना घेतला आणि पुढे पन्नास वर्षं, म्हणजे १८२१ मध्ये जाईपर्यंत, स्वतः चालवला. लग्न केलं नव्हतं, पण धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे लोक ‘मिसेस’ म्हणायचे. त्या काळात बाईनं भट्टीचा कारखाना चालवणं तिकडेही नवलाचंच होतं.

नदीदेव घडवला जॉन बेकन या शिल्पकारानं. तो पोरवयात चिनी मातीच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेला, त्यामुळे मातीचा स्वभाव त्याला ठाऊक होता. कोडबाईंकडे तो प्रमुख शिल्पकार झाला.

आता सर, एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण सांगतो. हा नदीदेव हॅम हाउससाठी म्हणून घडवलेला नाही. तो कारखान्याच्या यादीतला माल होता. साचा तयार, ज्याला हवा त्यानं मागवावा. त्याचा जुळा भाऊ रिचमंडच्या टेरेस गार्डन्समध्ये आहे, हॅमपासून फार लांब नाही. त्याच साच्यातला. लोक दोघांनाही टेम्स म्हणतात, कारण समोर टेम्स आहे. यादीत मात्र तो नुसता ‘नदीदेव’ होता.

मातीची कृती कारखाना बंद पडल्यावर हरवली असं लोक सांगायचे. पुढे तुकडे तपासून ती बऱ्यापैकी कळली. साठ ते सत्तर टक्के डोरसेट-डेव्हनकडची बारीक पांढरी चिकणमाती, आधीच भाजून दळलेल्या मातीचा भुगा दहाएक टक्के, गारगोटी आणि बारीक वाळू, आणि दळलेली काच दहाएक टक्के. भट्टी ११०० ते ११५० अंशांची, सलग चार दिवस. कोडबाईंनी त्याला ग्रीक शब्द जुळवून नाव दिलं होतं, त्याचा अर्थ ‘दोनदा भाजलेला दगड’.

टिकाऊपणाचा आणखी पुरावा हवा असेल तर वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाला सिंह उभा आहे, १८३७ चा. शंभर वर्षांवर लंडनचा कोळशाचा धूर खाल्ला, तरी आयाळ जशीच्या तशी. ग्रामसभेत तोही फोटो दाखवा, मी काढून पाठवतो.

खापर

सर, तुमची पोस्ट आमच्या वडलांना वाचून दाखवली. आम्ही चोपड्याचे कुंभार. वडलांनी सगळं आयुष्य रांजण-माठ केले, मी सात वर्षं गुजरातेत थान आणि मोरबीला सॅनिटरी आणि टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर होतो, आता घरी परत आलोय. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

पहिलं म्हणजे, शेतातली काळी माती मूर्तीला घेऊ नका. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते, उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच मूर्तीला पडतील. तापीचा पोयटा घ्या, पूर ओसरल्यावर काठाला जो मऊ थर बसतो तो. त्यातही वाळू आणि चुनखडीचे खडे असतात. पाण्यात कालवून, कापडातून गाळून, निवळवून घ्यायचा. चुनखडीचा ज्वारीएवढा खडा जरी आत राहिला तरी भाजल्यावर पावसाळी हवेत तो फुगतो आणि वरचा टवका उडवतो. माठाला कधी कधी पांढरा ठिपका पडून खपली निघते ना, तेच ते.

दुसरं, तुमच्या त्या बाईंच्या कृतीतली खरी खुबी मला भाजलेल्या भुग्यात दिसते. कारखान्यात त्याला ग्रॉग म्हणतात. आमचे वडील त्याला खापरीचा भुगा म्हणतात आणि मोठ्या रांजणाच्या मातीत त्यांनी तो कायम घातलाय. फुटकी मडकी कुटून. जी माती एकदा भाजून आखडली ती परत आखडत नाही, म्हणून सगळा गोळा कमी आखडतो, आणि भुग्याच्या कणांमधून आतलं पाणी वाट काढून बाहेर येतं. वडील हे ऐकून खूश झाले. म्हणाले, ‘ती बाई कुंभाराचीच पोर व्हती.’ मी सांगितलं की नव्हती, तरी ते ऐकत नाहीत.

तिसरं, भट्टी. आमचा आवा ८०० अंशांच्या आसपास जातो, जास्तीत जास्त ९००. ११५० अंश त्यात मिळत नाहीत. आणि मिळाले तरी उपयोग नाही, आपल्या गाळात लोह आणि चुना जास्त, ११०० च्या पुढे तो फुगायला आणि वितळायला लागतो. मोरबीला मी हौसेनं तापीच्या गाळाची वीट एकदा मोठ्या भट्टीत घातली होती. बाहेर आली ती काळी, फुगलेली, भाकरीसारखी.

मग करायचं काय? माझं मत असं, की तिकडे शत्रू बर्फ आहे. मातीच्या भोकात पाणी मुरतं, गोठतं, फुगतं आणि टवके उडवतं. म्हणून त्यांना काच घालून माती दगडासारखी घट्ट करावी लागली. आपल्याकडे पाणी गोठत नाही. आपला शत्रू जमिनीतला खार, म्हणजे मीठ, आहे, आणि उन्हाळ्यातलं ऊन-पावसाळ्यातलं पाणी. त्याला नीट भाजलेली लाल मातीसुद्धा पुरते. चौथऱ्यातून खार वर चढू नये म्हणून खाली दगडाचा थर द्या, सिमेंटचा नको. आणि आत लोखंड अजिबात नको, एक खिळासुद्धा नको. तुमच्या हाताला ज्यानं मारलं तेच.

मोठी मूर्ती एका तुकड्यात होत नाही. पोकळ करायची, रांजणासारखी, भिंत सगळीकडे सारख्या जाडीची. मान, कंबर, गुडघे असे भाग वेगळे भाजून नंतर जोडायचे. आणि दिवाळीच्या आत हात लावू नका. सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, महिनाभर वाळू द्या. उन्हाळ्यात केली तर आपल्याकडची झळ दोन दिवसांत तिला उकलून टाकेल.

शहाद्याची मावशी

तुमच्या सौ.ना नमस्कार सांगा. प्रश्न त्यांनी अगदी मुळावरचा विचारला. मी कॉलेजात संस्कृत शिकवायचे, तेवढ्या आधारानं सांगते.

ग्रीक आणि रोमन लोकांनी नद्यांना पुरुष मानलं. रेललेला दाढीवाला, शेजारी घागर, ही त्यांची ठरलेली रीत. इंग्रजांनी तीच उचलली आणि टेम्सला ‘फादर’ केलं. आपल्याकडेही पुरुष आहेत, पण मोजके. शोण आणि ब्रह्मपुत्र यांना आपण नद म्हणतो. बाकी सगळ्या बायका.

आणि तापी तर नुसती बाई नाही, तिला घर आहे. महाभारताच्या आदिपर्वात तिची गोष्ट आहे. सूर्याची मुलगी तपती, सावित्रीची धाकटी बहीण. हस्तिनापूरच्या संवरण राजाशी तिचं लग्न झालं आणि त्यांचा मुलगा कुरू. म्हणजे कौरव-पांडव हे सगळे तिच्या वंशातले. तिथे एक गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो. अर्जुन विचारतो, मी तर कौंतेय, मला तापत्य का म्हणतोस? तेव्हा गंधर्व ही सगळी हकिगत सांगतो. अर्जुनाला ठाऊक नव्हतं की तापी त्याची पणजी-खापरपणजी लागते! मला वाटतं आपल्यापैकी पुष्कळांचं तसंच आहे. मुलताईला आणि सुरतेला आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मदिवस करतात. आपल्या खान्देशात, जिथून ती एवढी लांब वाहत जाते, तिथे किती घरांत तो माहीत आहे?

मूर्ती कशी असावी, हे बघायला फार लांब जायला नको. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढलात की वेरूळ. कैलास लेण्याच्या अंगणात उत्तरेकडे एक लहान दालन आहे, तिथे गंगा, यमुना, सरस्वती तिघी उभ्या आहेत. गंगा मगरीवर, यमुना कासवावर, सरस्वती कमळावर. त्यांची उभं राहण्याची ढब बघा. कंबरेत किंचित मोडलेली, जणू आत्ता चालत आली आणि दारात थांबली. रेललेली एकही नाही. लोकांनी नदी चालताना पाहिली होती ना.

मातीच्या टिकाऊपणाबद्दलही बोलते, कारण त्या दादांनी बरोबर सांगितलंय. कानपूर जिल्ह्यात भितरगावचं विटांचं देऊळ गुप्तकाळातलं आहे, भिंतींवर भाजलेल्या मातीची शिल्पं. बंगालमधल्या विष्णुपूरची देवळं सतराव्या-अठराव्या शतकांतली, तिथला पाऊस आपल्या दुप्पट तरी असेल. ग्रामसभेत इंग्लंडाऐवजी ही दोन नावं घ्या.

एक शेवटचं, रोमचं. व्हॅटिकनमध्ये नाईल नदीचा एक प्राचीन पुतळा आहे. तोही रेललेला म्हातारा, पण त्याच्या अंगाखांद्यावर सोळा लहान मुलं चढलेली आहेत. कुणी मांडीवर, कुणी खांद्यावर. ही सोळा मुलं म्हणजे पुराचे सोळा हात. पाणी सोळा हात चढलं की मिसरात पीक चांगलं यायचं. मला त्या कल्पनेचं फार अप्रूप वाटतं. नुसती शोभा नाही, मोजमाप आहे ते.

भुसावळकर

सगळं छान आहे, पण व्यवहाराचं बोलू. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. वर पूर्णेला आणि तापीला एकदम पाणी आलं की ते उघडतात, आणि मग खालच्या घाटांचं काय होतं ते दरवर्षी पेपरात येतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये याच तापीनं सुरत बुडवली. सर, तुमची मातीची मूर्ती पावसात टिकेल, हे मान्य. पण ओंडका येऊन आदळला तर? सिमेंटचा निदान हातच गेला, मातीची अख्खी फुटेल. गावाचे पैसे आहेत, म्हणून सांगितलं. राग मानू नका.

पांझराकाठ

राग कशाचा भाऊ, तुम्ही बोललात म्हणून बरं झालं. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण उत्तर हातानं द्यायचं होतं.

आधी मावशींना. तुमची तापत्याची गोष्ट सौ.ला सांगितली. ती गप्प झाली. मग संध्याकाळी घाटावर दिवा लावायला गेली तेव्हा शेजारणीला म्हणत होती, ‘आपली तापीमाय अर्जुननी आजी शे, माहीत शे का तुले?’ दाढीचा प्रश्न तिच्यापुरता मिटला.

टेम्सकाठच्या भावानं यादीतल्या मालाचं सांगितलं, ते वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो. आमची सिमेंटची मूर्तीही मोबाइलवरच्या यादीतलीच. पण एक फरक मला दिसला. कोडबाईंनी यादीतला माल विकला, तरी प्रत्येक नगाचा साचा भरल्यावर दाढीच्या बटा कुणीतरी हातानं परत कोरल्या असणार, नाहीतर अशा सुट्या निघत नाहीत. मी चाळीस वर्षं प्लास्टर आणि शाडू हाताळलंय, ते डोळ्याला कळतं. आमच्या मूर्तीच्या सळईवर कुणी बोटभर जास्त सिमेंट लावायची तसदी घेतली नाही.

आता भुसावळकर. ओंडक्याचं तुमचं म्हणणं मी भोयांच्या वस्तीतल्या एका आजोबांना जाऊन विचारलं. ऐंशीच्या पुढचे आहेत. ते मला हाताला धरून घाटावर घेऊन गेले आणि पायऱ्या दाखवायला लागले. ही पायरी बुडाली की पांझरेचं पाणी तुंबतं आणि नाव बांधून ठेवायची. इथवर आलं की खालच्या गल्लीतली गुरं सोडायची. या दगडावर आलं की माणसं निघाली. त्यांच्या डोक्यात सगळ्या खुणा आहेत आणि घाटावर एकही नाही. त्यांच्यानंतर हे कोण सांगणार?

तेव्हा मला मावशींची सोळा मुलं आठवली.

म्हणून आता एक मोठी मूर्ती करायचा विचार मी सोडला. तापी आमच्या घाटापर्यंत येते तोवर पूर्णा, वाघूर, गिरणा तिला मिळालेल्या असतात, आणि पांझरा आमच्या दारातच मिळते. या चार मुली करायच्या. पूर्ण अंगाच्या नाहीत, फक्त चेहरे, वीतभर उंचीचे, घाटाच्या बाजूच्या दगडी भिंतीत कोनाडा कोरून आत बसवलेले, म्हणजे ओंडका अंगावर येणार नाही. सगळ्यात खाली पांझरा, नाव बांधायच्या पायरीला. तिच्या वर गिरणा, मग वाघूर, आणि पूर्णा त्या दगडापाशी जिथे माणसं निघतात. कुणाच्या हनुवटीला पाणी लागलं, एवढं लहान पोरालाही सांगता येईल. तापीमाय वर, देवळाच्या ओट्यावर, पाण्याच्या बाहेर, उभी. ती नंतर, हे चार चेहरे दोन पावसाळे काढतील तेव्हा. एखादा फुटला तर नवा करू, माती आणि कुंभार दोन्ही इथेच आहेत.

ग्रामसभेत हे मांडलं. फायबरवाली पोरं आधी नाराज होती. पण आजोबांना बोलावलं होतं, त्यांनी पायऱ्यांचं सांगितलं आणि सभा शांत झाली. सध्या चार चेहऱ्यांना परवानगी मिळाली आहे.

खापरभाऊ, तुमच्या सांगण्याप्रमाणे चाचणीच्या वड्या केल्या, आमच्या गावच्या कुंभाराच्या आव्यात. एक नुसत्या गाळाची, एक गाळात चौथा हिस्सा खापरीचा भुगा घातलेली, एक तिसरा हिस्सा घातलेली. नुसत्या गाळाची वाळतानाच आडवी चिरली. बाकी दोन्ही भाजून आल्या, बोटानं टिचकी मारली तर खणखणीत वाजतात. रात्रभर पाण्यात ठेवून वजन केलं. चौथ्या हिश्श्याची ५०० ग्रॅमची वडी ५७० झाली, तिसऱ्या हिश्श्याची ५८० च्या वर. म्हणून चौथा हिस्सा धरला. एका वडीला चुनखडीचा टवका उडाला, माझी गाळणी जाड होती. आता सौ.च्या जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी वापरतो.

काल पांझरेचा चेहरा पुरा केला. वेरूळच्या तिघींचे फोटो समोर ठेवले होते, पण नाक आमच्या शेजारच्या चौथीतल्या मुलीचं आलंय, ती दोन दिवस माझ्या ओट्यावर बसून बघत होती. केस ओले, मागे ओढलेले. गोणपाट दिवसातून दोनदा ओलं करतो. अडचण एकच आहे, नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या बाकीच्या आधी वाळायला लागल्यात, रंग पांढुरका दिसतोय. काय करू?

खापर

सर, नाकाला आणि कानांना ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळा, वरून प्लास्टिकचा तुकडा, दोन दिवस. आणि आजच चेहरा पालथा करून मागून पोकळ करा. नाकाच्या मागे मातीचा गठ्ठा राहिला असेल, तो आधी काढा. भिंत सगळीकडे अंगठ्याएवढी जाड. भाजताना तिला आव्याच्या मधोमध ठेवू नका, कडेला, माठांच्या आडोशाला. वडील म्हणतात, पेटवायच्या दिवशी फोन करा, ते येतील.